अर्थशास्त्र समजायला जाणकारांना विचारायचं काय?

तुम्ही विचारलंय, "अर्थशास्त्र शिकलेलो नाही. रोजच्या जगण्यातलं अर्थशास्त्र जाणकारांशी बोलून समजेल का? त्यांना विचारायचं तरी काय?"

नक्की समजेल. मी नागपूरचा, शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. मला जे थोडंफार कळतं त्याची सुरुवात एका कागदापासून झाली.

काटोलला मामांची संत्र्याची बाग आहे. अंबिया बहाराच्या संत्र्यांची गाडी घेऊन मी त्यांच्यासोबत कळमन्याला, म्हणजे नागपूरच्या बाजार समितीत, गेलो होतो. हर्रास म्हणजे लिलाव झाला, हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद आला. वजन, भाव, खाली हमाली आणि तोलाई वजा. अडतीचा, म्हणजे अडत्याच्या कमिशनचा आकडा नव्हता, कारण जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम केला. मला बरं वाटलं. मामा म्हणाले, "भावातच कापली असंल ना बाप्पा."

ती पट्टी घेऊन मी आमच्या लेआउटमधल्या निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. सरांनी उलट मलाच विचारलं, "भाव पटला नसता तर मामांनी काय केलं असतं?"

काहीच नाही. संत्रं आंब्यासारखं आढीत घालून पिकवता येत नाही, तोडलं की नरम पडत जातं, आणि गाडीभाडं तर लागलेलंच असतं.

"गाडी वापस जाणार नाही हे खरेदीदारालाही ठाऊक आहे," सर म्हणाले. "अडत त्याला भरायची असेल तर तो तेवढी बोली खाली धरतो. पैसे कोणी भरायचे हे नियम सांगतो. भार मात्र ज्याला थांबता येत नाही त्याच्याकडे सरकतो." करांच्या बाबतीत पुस्तकात यालाच कराघात (पैसे आधी कोण भरतो) आणि करभार (शेवटी कोण सोसतो) म्हणतात. हे शब्द मी आधीही वाचले होते, पण पट्टी समोर ठेवली तेव्हा कळले.

सरांनी तुरीचं उदाहरण दिलं: तूर घरात ठेवता येते, म्हणून शेतकरी तिथे अडून बसू शकतो. हेच मी कळमन्यातल्या ओळखीच्या अडत्याला सांगितलं, तर ते म्हणाले, "कृषी केंद्राची, बी-खताच्या दुकानाची उधारी डोक्यावर असली की तूरही थांबत नाही, भाऊ." सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी ते लगेच मान्य केलं. म्हणून माझं ठाम मत आहे की एकाच जाणकारावर थांबू नका. एकाचं उत्तर दुसऱ्याकडे घेऊन जा.

त्या अडत्यांनीच बांगलादेशचं सांगितलं. आपल्या संत्र्याचं ते मोठं परदेशी गिऱ्हाईक. तिथलं आयातशुल्क वाढत वाढत २०२३ मध्ये किलोला ८८ टाकांवर (टाका म्हणजे तिथलं चलन) गेलं. शुल्क भरतो तिथला आयातदार, पण तिकडची मागणी घटली की तो माल इकडच्याच बाजारात उतरतो आणि काटोल-वरुडचा भाव पडतो. अडतीचाच हिशेब, फक्त सरहद्दीपलीकडचा.

तेव्हा "महागाई म्हणजे काय?" असं विचारू नका, त्याचं उत्तर पाठ केलेलं मिळतं. स्वतःचा कागद न्या: पट्टी, वीजबिल, गृहकर्जाचं स्टेटमेंट. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि कर्ज फेडायची वर्षं वाढली. बँकेतल्या माणसाला त्या वर्षांच्या रकान्यावर बोट ठेवूनच विचारा.

आणि कळमन्यात जाणार असाल तर हर्रास चालू असताना जाऊ नका, तेव्हा कोणालाच बोलायला सवड नसते. बाजार ओसरल्यावर जा. पट्टी दाखवून विचारलं की लोक बसवून घेऊन सांगतात.