खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडे जगवताना

प्रश्न : आमच्या शेताला लागून मँगनीज खाणीचा जुना ढिगारा आहे. त्यावर लावलेली रोपे दोनदा वाळली. शेणखताने भागेल का? – एक वाचक, जि. नागपूर

उत्तर : नुसत्या शेणखताने भागणे कठीण आहे. ढिगारा म्हणजे खडकाचा चुरा. त्यात सेंद्रिय कर्ब आणि नत्र नाममात्र असते, पाणी टिकत नाही आणि मुळांना साथ देणारे जीवाणूही फारसे नसतात. नागपूरच्या ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) गुमगावच्या मँगनीज खाणीवर साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) वापरून, त्याला रायझोबियम, अझोटोबॅक्टर या हवेतील नत्र बांधणाऱ्या जीवाणूंची आणि मुळांना साथ देणाऱ्या मायकोरायझा बुरशीची जोड देऊन झाडे वाढवली, ती याच कारणाने. प्रेसमड मात्र ताजे घालू नये, कारण ते कुजताना तापते आणि कोवळी मुळे भाजतात. शेणकाला व पालापाचोळा मिसळून त्याचा ढीग सावलीत लावावा, अधूनमधून उलथावा. मूठभर घेऊन दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ओघळू नये, इतकीच ओल हवी. ढीग थंड पडला, मातकट वास आला, की खत तयार झाले. तेच खड्ड्यांत भरावे. भाजीपाला मात्र तिथे लावू नका; जमीन आम्लधर्मी असेल तर पिके मँगनीज जास्त शोषतात. आणि हो, ढिगारा कोणाच्या मालकीचा आहे, हे आधी तलाठ्याकडे पाहून घ्या.