अठरा मिनिटांची पोळी

मावशी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. शेजारच्या ज्यू कुटुंबानं पेसाहच्या सणाला सेदरच्या, म्हणजे त्या रात्रीच्या विधीच्या, जेवणाला बोलावलंय. मुलं चार आणि सहा वर्षांची. जेवणाआधी पुष्कळ वाचन असतं म्हणे. त्यांना आधी काय सांगून ठेवू?

अगं, सांगू नकोस, पोळपाट काढ. पेसाह म्हणजे मराठी बायबलातला वल्हांडण, ज्यूंचा गुलामीतून सुटल्याचा सण. इजिप्तमधल्या गुलामांना रातोरात निघायचं होतं, पीठ आंबायला वेळ नव्हता, एवढी गोष्ट पुरे. मात्झा ही बिनखमिराची रोटी पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजावी लागते. तेव्हा फोनवर १८ मिनिटं लाव आणि पोरांनाच कणीक मळू दे. लाटल्यावर काट्यानं सगळीकडे टोचायचं, फुगू नये म्हणून. माझी नात चिडली होती, "आजी, तू पोळी फोडलीस!" फुलका टम्म फुगलेला बघायची सवय ना! का फोडली ते तिला तव्यापाशीच कळलं. वेळ संपली की चपला घालून दाराबाहेर धूम. ही रोटी मात्र शेजारी नेऊ नकोस. त्या दिवसांत आपल्या घरची कणीक त्यांना चालत नाही. फुलं ने.

दुसरा खेळ खजुराचा. सेदरच्या ताटात हरोसेत नावाचं गोड मिश्रण असतं, गुलामांनी विटांसाठी मळलेल्या चिखलाची आठवण. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, ते खजुराचं करतो. बिया काढून शिजवलेला खजूर मुलांना कुस्करायला दे आणि बिस्किटांच्या विटा रचू दे. हात धुवायची घाई करू नकोस.

गुलामांना सोडावं म्हणून देवानं इजिप्तवर दहा संकटं धाडली, त्यातल्या बेडूक, टोळ वगैरेंचे खेळ झकास होतात. दहावं संकट, थोरल्या मुलांचा मृत्यू, चार वर्षांच्या पोराला मी तरी सांगणार नाही. सेदरला प्रत्येक संकटाच्या नावाला बोटानं वाइनचा एकेक थेंब ताटलीत काढतात. मुलांना द्राक्षाच्या रसात बोट बुडवू दे.

१८७४ साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हगादामध्ये, म्हणजे सेदरला वाचायच्या पुस्तकात, मात्झा करणाऱ्या बायका चक्क लुगड्यांत आहेत. ते चित्र सापडलं तर दाखव.

"आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?" हे विचारायचा मान सर्वांत लहान मुलाचा. धाकट्याकडून ते मराठीत घोकून घे आणि यजमानांना आधी विचार. बहुतेक आनंदानं विचारू देतील. मात्झाचा एक तुकडा लपवून ठेवतात, तो शोधायला मुलं पळतीलच. आणि निघण्याआधी दोघांना वरणभात भरव. जेवण वाढेपर्यंत नऊ वाजतात.