समोर डिस्क बसवले, तरी गाडी नीट थांबेना

प्रश्न : नमस्कार काका, मी इंदूरचा, लोकमान्य नगरात राहतो. आमच्या मामांची १९६६ ची मस्टँग आहे, २८९ व्ही-८, चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. अमेरिकेतल्या मावसभावानं समोरच्या डिस्कचं किट पाठवलं, इथल्या मिस्त्रीनं ते बसवलं, मास्टर सिलेंडर मात्र जुनाच ठेवला कारण तो चांगला चालत होता. आता पेडल स्पंजसारखं लागतं, तीनदा एअर काढली तरी तसंच. दहा किलोमीटर चालवली की समोरची चाकं तापतात, जळका वास येतो, गाडी ढकलली तरी मोकळी सरकत नाही. आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीचं ढुंगण फिरतं. मिस्त्री म्हणतोय डिस्क छोटे पडतायत, १३ इंची मागवा. मागवू का? दिवाळीत मामांना घेऊन भेरूघाटातून ओंकारेश्वरला जायचंय.

उत्तर : नका मागवू. आणि खाली लिहिलंय ते सगळं होईपर्यंत गाडी कॉलनीबाहेर काढू नका, घाटाचं तर नावच नको, हे मी अगदी हात जोडून सांगतोय.

तुमच्या तिन्ही तक्रारींचा डिस्कच्या साइजशी काही संबंध नाही. आधी तापण्याचं बघू. जुना मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप, ड्रमसाठी बनलेला आहे, त्यात रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, म्हणजे पाय काढल्यावरही तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय प्रेशर धरून ठेवतो, चाकातल्या छोट्या व्हील सिलेंडरच्या रबरातून हवा आत शिरू नये म्हणून. ड्रममध्ये शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे, मागे खेचायला दणकट स्प्रिंग असतात त्यामुळे तिथे ते प्रेशर जाणवतच नाही. कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्यात, तशी स्प्रिंग नाही, पिस्टनचं रबर सील जरासं पिळलं जातं आणि परत सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं, बस. त्यामुळे तेवढं १० पीएसआय सुद्धा पॅड डिस्कला चिकटवून ठेवायला पुरतं, आणि मग तुम्ही ब्रेक लावून गाडी चालवल्यासारखंच होतं. तुमच्या चाकांचा वास तोच.

पण त्या मास्टर सिलेंडरबद्दल मला खरं जे सांगायचंय ते दुसरंच आहे. १९६६ पर्यंतच्या मस्टँगला एकच सर्किट, ऑइलची टाकी एक, चारही चाकं एकाच लाइनवर. कुठलाही एक रबरी होज फुटला, एक पाइप गळला, की पेडल थेट जमिनीला आणि चारही ब्रेक गेले. फोर्डनं १९६७ च्या मॉडेलपासून पुढचं-मागचं वेगळं केलं, दोन टाक्यांचा मास्टर सिलेंडर दिला. तुमच्या जागी मी असतो तर डिस्कच्याही आधी पहिला रुपया इथे घातला असता. डिस्क-ड्रमसाठीचा, दोन सर्किटचा मास्टर सिलेंडर मागवा, आणि डिस्कच्या बाजूला रेसिड्युअल व्हॉल्व्ह नाही ना हे विचारूनच मागवा. त्याचा बोअर, म्हणजे आतला व्यास, किती तेही विचारा. ड्रममध्ये फिरणारा ड्रम शूला स्वतःच आत ओढतो, पायाला आयती मदत मिळते, डिस्कमध्ये ती मदत नाही म्हणून प्रेशर जास्त लागतं. १ इंचावरून ७/८ इंचाच्या बोअरवर आलात तर तेवढ्याच पायात जवळपास ३० टक्के जास्त प्रेशर मिळतं, पण पेडलही त्याच हिशोबानं जास्त खाली जातं. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसेल तर किटवाल्यानं सांगितलेलाच बोअर घ्या.

आता स्पंजचं. खाली वाकून टॉर्च मारा आणि बघा की कॅलिपरचं ब्लीडिंग निपल, म्हणजे एअर काढायचं तोंड, वर आहे की खाली. मला नव्वद टक्के वाटतंय की डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसलाय. बोल्ट दोन्हीकडे बसतात, त्यामुळे चूक दिसत नाही, पण निपल खाली गेलं की हवा वरच्या कोपऱ्यात अडकते आणि तुम्ही तीनदा काय तीसदा एअर काढा, ऑइलच निघणार. दोन्ही कॅलिपरची आपसात अदलाबदल करून घ्या. निपल वरच असेल तर मग जुने रबर होज बघा, म्हातारे झालेले होज पेडल दाबल्यावर फुगतात. आणि आतून सुजलेला होज ऑइल परत येऊ देत नाही, म्हणजे चाक तापायला तेही एक कारण. सगळे नवेच टाका, तिथे काटकसर नको.

मागची चाकं आधी जाम होणं ही तिन्हीतली सगळ्यात भीतीदायक गोष्ट. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, मागचं टायर हलकं होतं, आणि तुमच्या मागच्या ड्रमला पुढच्याइतकंच प्रेशर जातंय. मागच्या लाइनमध्ये, फक्त मागच्याच, अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाका, म्हणजे मागचं प्रेशर हवं तेवढं कमी करता येतं. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानात ३० च्या स्पीडनं सुरुवात करून, कोणी आसपास नसताना, थोडं थोडं सेट करत जा. पुढची चाकं आधी जाम व्हायला हवीत आणि मागची त्याच्या जरा नंतर. ओल्यात सुद्धा.

एक इंदुरी सवय आहे तिच्याबद्दल बोलायलाच हवं, पाइप कमी पडला की एसीचा तांब्याचा पाइप वाकवून लावायचा. ब्रेकला साधं तांबं कधीच नाही, ते थरथरीनं कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. स्टीलचा किंवा कुप्रोनिकेलचा पाइप घ्या, टोकं डबल फ्लेअरच, म्हणजे दुहेरी दुमडून फुलवलेलीच, करा. अमेरिकन गाडीचे आटे इंचातले, आपल्या नव्या गाड्यांचे मिलिमीटरमधले, ओढूनताणून बसवलेलं नट पहिल्या जोरदार ब्रेकला धोका देतं.

राहिला १३ इंचाचा मोह. त्याला सहसा १७ इंची चाकं लागतात, म्हणजे तुमची १४ ची गेली आणि गाडीचं रूपही गेलं. गाडी शेवटी थांबवतं ते टायर, चाक जाम करण्याइतका जोर साध्या डिस्कमध्येही असतो. मोठा डिस्क कामाला येतो तो उष्णतेसाठी. सव्वा टनाची गाडी १०० मीटर खाली उतरवताना, इंजिनची मदत धरली नाही, तर साडेतीन-चार लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता ब्रेकमध्ये जाते. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो, म्हणून घाटात पेडल खाली खाली जातं. डिस्क तापून जाड होते ती पॅडच्याच दिशेनं. तुमच्या किटचा डिस्क, गिअर खाली ठेवून उतरलात तर, भेरूघाटाला भरपूर आहे. १९६५-६६ ला खुद्द कंपनी जादा पैसे घेऊन समोर चार पिस्टनचे, केल्सी-हेज या कंपनीचे डिस्क देत होती, ११ इंचाच्या थोडं वरचे, आणि ते याच १४ इंची चाकांत बसायचे.

काढलेले ड्रम विकू नका हं. ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून जे व्हिंटेज रजिस्ट्रेशन आहे, व्हीए नंबरवालं, त्यात गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल नको असं आहे. ते करायचं असेल तर ब्रेकचं आरटीओत आधी विचारून घ्या, आणि जुने पार्ट तेल लावून पेटीत ठेवा.

प्रश्न : मी वडोदऱ्याची. बाबांची कॉन्टेसा मी चालवते, समोर डिस्क आहेत. ८० च्या वर ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाला म्हणतो डिस्क वाकलेत, फेसिंग करून, म्हणजे लेथवर घासून सपाट करून दिलं, दोन महिन्यात पुन्हा तेच.

उत्तर : ताई, बाबांची गाडी जपून चालवताय हे वाचून फार बरं वाटलं. डिस्क वाकणं क्वचितच होतं. बहुतेक वेळा हबच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसतो त्या भागाच्या, तोंडावर गंज असतो, डिस्क त्यावर केसभर तिरका बसतो, मग दर फेरीला पॅड एकाच जागी घासून ती जागा पातळ होते आणि ती जाडी बदलली की पाय आणि स्टिअरिंग थरथरतं. फेसिंग केलं पण गंज तसाच राहिला, म्हणून दोन महिन्यात परत. हब तारेच्या ब्रशनं चकचकीत करा, डिस्क बसवून, तो फिरताना किती डुलतो ते मोजायला डायल गेज लावा, ०.१ मिलिमीटरच्या आत हवं, ०.०५ मिळालं तर उत्तम. मकरपुरा जीआयडीसीत डायल गेजवाला माणूस सहज भेटेल. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, त्याच्या खाली गेला असेल तर नवाच घ्या. आणि चाकाचे नट समोरासमोरचे, एकसारखे आवळा, एअर गननं नट आवळणाऱ्याला हात लावू देऊ नका.

प्रश्न : ग्वाल्हेरहून लिहितोय, जुन्या गाडीत डॉट ४ ब्रेक ऑइल आहे, दुकानदार डॉट ५ देतोय, जास्त भारी म्हणून. टाकू?

उत्तर : नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४ च्याच जातीचं, नावात फसू नका. डॉट ४ नवं असताना कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, पाणी शोषून झालं की १५५ ला, तुमच्याकडच्या मे महिन्यात हा फरक मोठा आहे. म्हणून भारी ऑइल शोधण्यापेक्षा दर दोन वर्षांनी सीलबंद डबा आणून, चारही निपलमधून स्वच्छ रंग येईपर्यंत जुनं काढा, आणि उरलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, झाकण उघडल्यापासूनच ते हवेतलं पाणी प्यायला लागतं.