पहिला तास गणिताचा लावू नका (पाळी बदलणाऱ्या शाळांसाठी, स्वानुभवावरून)

ताई, तुम्ही लिहिलंय की दुपारची शाळा जूनपासून सकाळी 7:10 ची झाली, 35 मिनिटांचे आठ तास जाऊन 70 मिनिटांचे चार आले, नववीची मुलं पहिल्या तासाला पेंगतात आणि तुम्हीही जांभया दाबत शिकवता. ही बाई आमच्याच स्टाफरूममध्ये बसलीय की काय, असं वाटलं मला. मी बडोद्यात सत्तावीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली अकरा वर्षं शाळेचं टाइमटेबल माझ्या गळ्यात होतं. लवकर झोपा, दप्तर रात्रीच भरा, हे तुम्हाला काय सांगायचं? थेट माझ्या चुकीवर येते.

आमची शाळा साडेसातची 7:10 ला आणली. वीसच मिनिटं! मी दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून, रंगीत पेन्सिलींनी टाइमटेबल बसवलं. एकाही शिक्षकाचा तास दुसऱ्यावर चढला नाही, म्हणून स्वतःवरच खूश होते. सकाळी डोकं ताजं असतं या समजुतीने नववी ‘ब’ला आठवड्यातले पाच दिवस पहिला तास गणिताचा दिला.

ऑगस्टच्या चाचणीत चौदा मुलं आपटली. मी वर्गात बोलले, पालकांना बोलावून बोलले. एका मुलाच्या आईने “बाई, तो पोचतोच उशिरा” म्हटलं, तर तेही मी बहाण्यात काढलं. मग एकदा सहज गेटवरचं लेट रजिस्टर चाळलं. तीच चौदा नावं, रोज, 7:28, 7:30. सगळी दोन व्हॅनमधली. दोन्हींचे वर्धीवाले, म्हणजे मुलांची ने-आण करणारे व्हॅनवाले काका, आधी दुसऱ्या एका शाळेची सातची मुलं उतरवून मग आमच्याकडे यायचे. त्यातले एक म्हणाले, “बेन, हुं शुं करूं (मी काय करू)? माझ्याकडे गाडी एकच आहे.” खरंच होतं. साडेसातला ते बरोबर पोचत होते, वेळ आम्ही बदलली होती. ऑफिसला विचारलं तर “सगळ्यांना कळवलंय”. कळवलंय म्हणजे काय, तर आतल्या फळ्यावर एक नोटीस, जिथे वर्धीवाला कधी पाऊलही टाकत नाही. नाव घेत नाही, पण त्या ऑफिसवर माझा राग अजून आहे.

म्हणजे 35 मिनिटांच्या तासातली वीस मिनिटं ही मुलं रोज बाहेर. दप्तर मांडीवर ठेवून बसायची, तोवर फळ्यावर समीकरण अर्धं सुटलेलं असायचं. दिवाळीच्या 21 दिवसांच्या सुट्टीतले सहा दिवस त्यांना शाळेत बोलावून मी ते भरून काढलं. पण ऑगस्टमध्ये ऐकवलेले शब्द काही परत घेता आले नाहीत.

‘सकाळी डोकं ताजं’ हेही आता मला पटत नाही. मी डॉक्टर नाही, पण नववीच्या वयात झोपच रात्री उशिरा लागते आणि 8 ते 10 तासांची लागते, हे डॉक्टर सांगतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2014 मध्येच सांगितलं की या मुलांची शाळा साडेआठच्या आत नको. महाराष्ट्राने 2024 मध्ये नऊची वेळ ठरवली, तीही चौथीपर्यंतच. मोठ्यांचा विचार कोण करणार? त्यात आपलं घड्याळ 82.5 रेखांशाचं आणि बडोदा 73.2 वर. अंशाला चार मिनिटं धरा, साधारण 37 मिनिटांचा फरक. 7:10 ला सूर्याच्या हिशेबाने 6:33 च झालेले असतात. जानेवारीत प्रार्थनेला उभं राहताना सूर्य उगवलेला नसतो.

म्हणून पहिल्या तासाला विषय फिरते ठेवा, गणित-विज्ञान रिसेसच्या आधीच्या तासाला घ्या. पहिला तास खेळाचा द्या म्हणाल तर पीटीचे सर भांडतील, आणि त्यांचं चूक नाही.

70 मिनिटांचं एकच सांगते. ते दोन तास चिकटवलेले नाहीत. सलग बोललात तर घसा जाईल आणि मागचे दोन बाक झोपतील. चाळिसाव्या मिनिटाला खडू मुलांच्या हातात द्या. आणखी एक, मूल एक दिवस गैरहजर राहिलं की आता त्या विषयाचे जुने दोन तास बुडतात, त्याची वही त्याच आठवड्यात बघा. नवरात्रात पहिल्या तासाला चाचणी लावू नका, गरबा बारापर्यंत चालतो आणि आपणही तिथेच असतो!

तुमच्या शाळेत वेगळं असू शकतं, मुख्याध्यापकांशी बोलूनच काय ते करा. पण त्याआधी आठवडाभर सातला वही घेऊन गेटवर उभ्या राहा. कुठली व्हॅन किती वाजता आली, एवढंच लिहा. मग टाइमटेबलचा फोटो इथे टाका, रविवारी दुपारी बघते.