बर्फाचा कप्पा, ५२ अंश आणि पाच स्टार: जळगावच्या उन्हाळ्यात यातल्या कशाला पैसे मोजावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावात वरच्या मजल्यावर १२ बाय १२ ची खोली आहे, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) ऑफरमध्ये खरेदी करायची आहे. जाहिरातीतला बर्फाचा कप्पा असलेला टॉवर कूलर घ्यावा, की ‘५२ अंशातही गारेगार’ म्हणणारा पाच स्टारचा एसी?

आधी बर्फाचं बघू. एक किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो. एक लिटर पाण्याची जाळीवर वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल ओढली जाते, म्हणजे सातपट. चांगला कूलर तासाला काही लिटर पाणी उडवतो, तिथे दोन ट्रे बर्फाने काय होणार? वर तो बर्फ करताना फ्रिजने मागच्या बाजूने तुमच्याच घरात गरमी सोडलेली असते, ती वेगळी. कूलरमध्ये पैसे द्यायचे ते जाळीच्या आकाराला. टॉवर कूलर सडपातळ, म्हणून त्याची जाळीही अरुंद. तीन बाजूंनी जाळी असलेला पत्र्याचा डेझर्ट कूलर आपल्या कोरड्या मे महिन्यात त्याच्यापेक्षा सरस ठरतो. तो खिडकीबाहेर बसवा आणि समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवा. खोली बंद केली की दमटपणा साचतो आणि लोक म्हणतात, कूलर खराब निघाला. पत्र्याची बॉडी असेल तर अर्थिंग तपासल्याशिवाय वापरू नका. बोअरचं पाणी असेल तर दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा, नाहीतर जाळीवर क्षाराचा पांढरा थर बसून हवाच अडते. वुडवूलची, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची जाळी दर मोसमाला बदलायची. मृगाचा पाऊस लागला की मात्र कूलर म्हणजे नुसता पंखा.

आता एसी. ‘५२ अंश’ याचा अर्थ तेवढ्या तापमानाला मशीन बंद पडणार नाही, इतकाच. दीड टन ही गार करण्याची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांना ती दहा-पंधरा टक्के सहज उतरते. दुकानात ‘४५-४६ ला किती किलोवॅट कूलिंग?’ असं विचारा आणि कॅटलॉगमधला आकडा दाखवायला सांगा. वर स्लॅब तापतो, म्हणून तुमच्या खोलीला एक टन अपुरा पडेल, दीड घ्या. स्लॅबला आधी चुन्याचा पांढरा हात मारा, त्याइतका स्वस्त एसी कुठल्याही ब्रँडकडे नाही.

स्टारच्या लेबलवरची वर्षाची युनिट १६०० तासांच्या वापरावर धरलेली असतात. समजा तीन स्टारवर ९६० आणि पाच स्टारवर ७४० लिहिलंय. फरक २२० युनिटचा. पण तुम्ही उन्हाळ्याचे ७५ दिवस रोज आठ तास लावणार, म्हणजे ६०० तास. मग फरक उरतो ८२ युनिटचा. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला सव्वाआठशेच्या आसपास. पाच स्टारसाठी सात हजार जास्त मागत असतील तर ते वसूल व्हायला साडेआठ वर्षं. दुकान किंवा दवाखान्यात दिवसभर चालणार असेल तर हिशोब उलटतो, तिथे पाच स्टारच घ्या.

‘एआय’ आणि वायफाय फुकट मिळत असेल तर घ्या. ‘पाच-इन-एक’ म्हणजे कॉम्प्रेसरवर मर्यादा घालून एसी कमी क्षमतेवर चालवणं. रात्री एकटं माणूस झोपताना ठीक, मेच्या दुपारी उपयोग शून्य. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ याच्या खाली बारीक अक्षरात व्होल्टेजची रेंज असते. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज त्याच्या खाली जात असेल तर स्टॅबिलायझर लागणारच. ‘१० वर्षं वॉरंटी’ बहुतेकदा फक्त कॉम्प्रेसरची असते. पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) आणि गॅसची किती, ते बिलावर लिहून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ बसवताना होतो. सीझनच्या गर्दीत फिटर व्हॅक्यूम पंप न लावता थोडा गॅस सोडून पाईपमधली हवा काढतो. आत ओल राहते आणि दोन वर्षांत कूलिंग कमी होतं. पंप किमान १५-२० मिनिटं चालू द्या, समोर उभे राहा. आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीवर नको, आणि मागे-पुढे हवा मोकळी हवी. तांब्याचा पाईप साधारण तीन मीटर सोबत येतो, पुढचा फुटाच्या भावाने लावतात, तो भाव आधीच ठरवा.

एसीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे ‘आखाजी धमाका’ किती खरा ते बघायला जुन्या छापील किमतीशी तुलना करू नका, दोन-तीन दुकानांचे आजचे भाव विचारा.