कुटुंबप्रार्थनेत नीटची सीट

मूर्तिपूजेचा विषय घेऊन चर्चच्या मंडळीतलं कुणी माझ्याकडे सल्ल्याला आलं, की प्रश्न बहुधा शेजारच्या गणपतीच्या प्रसादाचा असतो. घ्यावा की नको? बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात यावर भरपूर लिहून ठेवलंय, त्यामुळे मला फार बोलावं लागत नाही. हल्ली दुसरा एक प्रश्न वरचेवर येतो आणि तो जड जातो: ‘आम्ही मुलाच्या शिक्षणालाच देव करून बसलोय का? म्हणून देव शिक्षा करतोय का?’

पिंपरी-चिंचवडकडचं एक कुटुंब हाच प्रश्न घेऊन आलं होतं. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाची नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, दुसरी खेप, ७२० पैकी ४५१ गुण. आई रडवेली. वडील कंपनीत सुपरवायझर, आणि चिडलेले. “मॅडम, तीन पिढ्या ख्रिस्ती आहोत. घरात साधी तसबीर नाही. ही म्हणते मूर्तिपूजा!”

आधी मुलाशी एकट्याने बोलले. झोप, जेवण, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारलं. तसं काही नव्हतं, तरी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिला. आध्यात्मिक चर्चा त्यानंतरची. हा क्रम मी कुणासाठीही बदलत नाही.

आईच्या भीतीचं उत्तर थोडक्यात दिलं. बापाचा दोष मुलाच्या माथी मारला जाणार नाही, असं बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात स्पष्ट आहे. पेपर अवघड गेला म्हणजे देव कोपला, असं नाही. आणि ताई, मुलावर जीव असणं हे पापही नाही.

वडिलांचं मात्र वेगळं होतं. त्यांच्या आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या. घरात डॉक्टर व्हावा ही इच्छा तिथून आलेली, सेवेतून. अशा माणसाला ‘तुम्ही पैशामागे लागलात’ म्हणणं अन्याय झाला असता. मी त्यांना बायबलमधल्या ‘२ राजे’ या पुस्तकाचा १८वा अध्याय वाचायला लावला. अरण्यात साप चावलेली माणसं ज्याच्याकडे पाहून वाचली, तो पितळी साप मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केला होता. पुढे इस्राएल लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला. देवाने दिलेली, बरं करणारी वस्तू. तीच मूर्ती झाली.

“म्हणजे नीट सोडायची?”

“नाही दादा. रात्रीच्या प्रार्थनेत काय मागता, ते सांगा.”

सीट. नुसती सीट. बुधवारचा उपास सीटसाठी, आणि सीट मिळाली तर चर्चला साउंड सिस्टीम द्यायची, असं कबूल केलेलं. कोपऱ्यात बसलेली सातवीतली धाकटी पटकन म्हणाली, “पप्पा, हा तर नवसच झाला!” वडील हसले नाहीत.

माझ्या मते मूर्तिपूजा ओळखायची खूण इथेच आहे. देवाला विसरलेली माणसं माझ्याकडे येतच नाहीत. येतात ती देवाची आठवण पक्की ठेवणारी, पण त्यालाच दुसऱ्या कुणाच्या तरी चाकरीला जुंपलेली. मी विचारलं, “महिनाभर सीट न मागता प्रार्थना कराल?” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “काय बोलायचं मग?”

पुढच्या भेटीपर्यंत एक काम दिलं: या परीक्षेसाठी घरात काय काय बंद झालं, ते चौघांनी वेगवेगळं लिहायचं. आईने रविवारची उपासना लिहिली, कारण क्लासची टेस्ट त्याच वेळी. वडिलांनी दशमांश, म्हणजे देवासाठी काढायचा उत्पन्नाचा दहावा भाग; तो फीमध्ये गेला होता. मुलाने लिहिलं, ‘राहुरीची आजी’. धाकटीची यादी सगळ्यांत लांब निघाली: टीव्ही, मैत्रिणी, गाणं, वाढदिवस, मोठ्याने हसणं. किंमत बहुतेक तीच मोजत होती, आणि ते कुणी तिला विचारलंही नव्हतं.

मुलाने तिसऱ्यांदा परीक्षा दिली. फरक एवढाच, की रविवारचा पेपर तो सोमवारी पहाटे घरी सोडवायचा (क्लासवाले कुरकुरले), टेस्टच्या दिवशी संध्याकाळी गुण विचारायचे नाहीत असं ठरलं, आणि प्रार्थनेची सुरुवात धाकटीने करायची. ती शाळेतल्या भांडणापासून शेजारच्या मांजरीपर्यंत सगळं मागायची. वडिलांना हे नियम जड गेले. दोनदा मोडलेही. सरकारी एमबीबीएसची सीट लागली नाही. मुलाने स्वतःहून फिजिओथेरपीला प्रवेश घेतला आहे.

परवा वडिलांचा फोन आला. धाकटीला आठवीपासून आयआयटीचं फाउंडेशन लावावं का, हे विचारायचं होतं. पुढच्या आठवड्यातली वेळ दिली आहे. म्हटलं, तिलाही घेऊन या.