सकाळी साडेसहाला वळकटी बांध

पुणे, १७ एप्रिल २०२१

प्रिय लेकरा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी आलेला दिसला. ‘मॅडम, झोपच लागत नाही. दिवसभर पेंगतो आणि रात्री टक्क जागा. मी वेडा तर होत नाहीये ना?’ नाही, होत नाहीयेस. फोनवर सगळं सांगत बसले तर तू नुसता ‘हो मॅडम, हो मॅडम’ म्हणशील, म्हणून लिहून पाठवते आहे. दिवसा वाच, रात्री नको.

आधी तुझी परिस्थिती तुलाच सांगते. ११ तारखेला तुझी लोकसेवा आयोगाची संयुक्त पूर्वपरीक्षा व्हायची होती, ती दोन दिवस आधी पुढे ढकलली. त्याच ११ तारखेला रूम पार्टनर पॉझिटिव्ह निघाला आणि कोविड सेंटरला गेला. तुझी टेस्ट निगेटिव्ह आली, पण सदाशिव पेठेतल्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत तुला २५ पर्यंत राहायचं आहे. मार्चमध्ये राज्यसेवेचा पेपर पुढे गेला तेव्हा शास्त्री रस्त्यावर बसलेल्या पोरांत तूही होतास. आता पाडवाही एकट्याने काढलास. खाली संचारबंदी, रात्री अँब्युलन्सचे आवाज. इतकं होऊनही तू आठ तास ढाराढूर झोपला असतास, तर मला जास्त काळजी वाटली असती.

विलगीकरणात माणसाचं काय होतं, हे कोरोनाच्या आधीही लोकांनी पाहून ठेवलं आहे. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ कॅनडातल्या टोरांटोत पोचली, तेव्हा घरात बंद राहिलेल्या १२९ जणांची पाहणी झाली. त्यात बरेचसे आरोग्य कर्मचारी होते, म्हणजे आजार म्हणजे काय ते कळणारे लोक. तरी जवळजवळ २९ टक्क्यांमध्ये मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणं सापडली आणि ३१ टक्क्यांमध्ये नैराश्याची. जितके दिवस जास्त, तितका त्रास जास्त. तेव्हा ‘मीच कच्चा’ हे डोक्यातून काढून टाक.

आता झोपेचं. झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे साठत जाणारी झोप. जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते, भुकेसारखी. तू दुपारी जेवून तीन तास ताणून देतोस, म्हणजे जेवणाआधी पोटभर फरसाण खातोस. मग रात्री पान वाढलं तरी भूक कुठून असणार? दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. ते मेंदूत, डोळ्यांच्या मज्जातंतूंच्या जरा वर असतं आणि उजेडाशी जुळवलं जातं. उजेड मिळाला नाही तरी ते बंद पडत नाही, मागे पडत जातं.

मिशेल सिफ्र नावाचा एक फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ मध्ये आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होता. पंचवीस दिवस त्याच्या मोजणीतून निसटले होते! पण त्याच्या झोपण्या-उठण्याच्या नोंदी पाहिल्या तर शरीर साधारण साडेचोवीस तासांचं चक्र नीट पाळत होतं. म्हणजे रोज अर्धा तास उशीर. तुझा हिशेब यात बसवून बघ. तू एरवी बाराला झोपायचास, आता तीन-साडेतीन होतात. रोज अर्धा तास धरला तरी सहा दिवसांत तीन तास झाले. तुझी खिडकी शेजारच्या वाड्याच्या भिंतीवर उघडते, पडदा कायम ओढलेला, ट्यूबलाइट दिवसभर चालू. तू गुहेतच राहतो आहेस, फक्त तिला भाडं भरतोस.

म्हणून रात्रीच्या मागे लागू नकोस. झोप ओढून आणता येत नाही, आणि ओढायला गेलं की हटकून पळते. तुझ्या हातात आहे ती सकाळ. रात्री कितीही वाजता डोळा लागो, साडेसहाला उठायचं. तीनला झोपलास तरी साडेसहा. दोन-तीन दिवस दिवसभर डोकं जड राहील, चिडचिड होईल. होऊ दे. पेपर नाही, क्लास नाही. चिडचिड परवडण्यासारखे हेच दिवस आहेत.

उठल्यावर पहिलं काम वळकटी. गादी, चादर, उशी, सगळं गुंडाळून दोरीने बांधायचं आणि खाटेच्या एका टोकाला लावून ठेवायचं. तुझ्या खोलीचा व्हिडिओ तू दाखवला होतास तो मला आठवतो. खाटेवर राज्यघटनेचं पुस्तक उघडं, त्यावर चार्जर, उशीपाशी डब्याचं झाकण, पायथ्याशी ओला टॉवेल, आणि मधे तू. अभ्यास तिथे, जेवण तिथे, आईचा फोन तिथे, रडणंही तिथेच. मग रात्री त्याच जागी पाठ टेकली की शरीराला कसं कळावं की आता निजायचं आहे? अमेरिकेतल्या रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये यावर उपचारपद्धती मांडली: अंथरूण फक्त झोपेसाठी, बाकी कशालाही नाही. आजही निद्रानाशाच्या उपचारात ती वापरतात. आपल्याकडे दिवसा अंथरूण पसरलेलं दिसलं की घरातली म्हातारी माणसं खेकसायची, त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. लहान घर, जागा हवी, एवढंच कारण.

खोलीत प्लॅस्टिकची खुर्ची आहे, टेबल आहे. टेबल खिडकीला लाव. जेवण जमिनीवर वर्तमानपत्र टाकून कर. वळकटीला टेकून लोळायचं नाही. तुला मोह होईल, मला माहीत आहे तू कसा आहेस ते.

सूर्य सध्या सव्वासहाच्या सुमारास उगवतो. उठलास की पडदा सारून अर्धा तास खिडकीत बस, तोंड बाहेर, वर आकाशाकडे. समोर भिंत असली तरी वरून जो उजेड येतो तो तुझ्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही, मेंदूतल्या घड्याळाला जाणवतो. चहा तेव्हा पी, हवा तर दोनदा. दुपारी दोननंतर मात्र बंद. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, आणि तू रात्री अकराला किटलीत चहा उकळतोस. दुपारी अगदीच डोळे मिटायला लागले तर वीस मिनिटं, खुर्चीत बसून, तीनच्या आत.

संध्याकाळी खोलीतल्या खोलीत घाम येईपर्यंत हालचाल कर. सूर्यनमस्कार घाल, जोर काढ, काहीही. झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ कर. एप्रिलच्या उकाड्यात कोमट पाणी म्हटल्यावर तू तोंड वाकडं करशील. पण कोमट पाण्याने कातडीकडे रक्त येतं, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर आतून गार व्हायला लागलं की झोप येते. गार पाणी नेमकं उलटं करतं.

रात्री दहा वाजले म्हणून वळकटी सोडायची नाही. डोळे खरंच जड झाले की सोडायची, मग साडेबारा का होईनात. आडवं झाल्यावर बराच वेळ डोळा लागला नाही (घड्याळ बघू नकोस, अंदाजाने पंधरा-वीस मिनिटं) तर उठ, खुर्चीत बस, मंद दिवा लाव, आणि काहीतरी रटाळ वाच. आयोगाच्या जुन्या जाहिराती आहेत ना तुझ्याकडे, अटी व शर्तींसकट? उत्तम. पेंग आली की परत आडवा हो. एका रात्रीत चार वेळा उठावं लागलं तरी चालेल.

मोबाईलच्या निळ्या प्रकाशाचं फार अवडंबर माजलं आहे. मला त्या उजेडापेक्षा आतल्या मजकुराची धास्ती वाटते. तुझ्या बॅचच्या ग्रुपवर रात्री एकला ‘अर्जंट, ऑक्सिजन बेड हवा’ येतो, टेलिग्रामवर कुणीतरी परीक्षेची नवी तारीख ठोकून देतो, आणि तू दोन्ही वाचतोस. कुणाला बेड मिळवून देणं खोलीत बसून तुझ्या हातात नाही. तारीख आयोग जाहीर करील तेव्हाच खरी. सकाळी दहा आणि संध्याकाळी सहा, या दोन वेळा बातम्या आणि ग्रुप. रात्री फोन टेबलावर, हात पोचणार नाही इतका लांब. घरच्यांचा फोन आला तर रिंग ऐकू येईल एवढं ठेव, बाकी आवाज बंद.

ऑक्सिमीटरचंही तेच. रात्रीतून पाच-सहा वेळा बोट घालून बघतोस असं म्हणालास. गार बोटावर ते यंत्र चुकीचा आकडा दाखवतं, मग तू घाबरतोस, छातीत धडधडतं, श्वास लागल्यासारखा वाटतो, की पुन्हा बोट आत. सकाळ, दुपार, संध्याकाळ असं तीनदा, हात चोळून गरम करून, स्वस्थ बसून बघ आणि वहीत लिही. आकडा ९४ च्या खाली आला, ताप चढला किंवा खरोखर दम लागला तर मात्र वेळ-काळ न बघता डॉक्टरांना फोन. हे चौदा दिवस कुणी हवेतून काढलेले नाहीत. लागण झालीच असेल तर लक्षणं बहुतेकांना पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आसपास दिसतात आणि बाराव्यानंतर फार थोड्यांना. तुझा आज सहावा. यापुढे प्रत्येक दिवस तुझ्या बाजूने आहे, पण खोलीतून बाहेर पडायचं ते २५ लाच.

कारण सांगितलं की बंदिवास सोसवतो, हे उगाच म्हणत नाही. गेल्या वर्षी साथ सुरू होताना लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी विलगीकरणावरचे आधीचे चोवीस अभ्यास एकत्र वाचून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आढावा घेतला. त्रास वाढवणाऱ्या गोष्टींत लांबलेला काळ, कंटाळा, पैशांचं नुकसान, लोकांचं टाळणं यांच्याबरोबर अपुरी माहितीही होती. तुला हे इतिहासातून माहीत असायला हवं. २२ जून १८९७, गणेशखिंड, प्लेग अधिकारी रँडवर गोळीबार: तुला तारीख झोपेतही सांगता येईल (झोप लागली तर). पण त्याआधीचे प्लेगच्या साथीचे महिने पेपरात येत नाहीत. तू राहतोस त्याच पेठांत सोल्जर घरांत शिरत होते, देवघरापर्यंत जात होते, माणसांना उचलून छावण्यांत नेत होते. समजावणं नाही, विचारणं नाही. लोक रोगी लपवायला लागले. त्याच साथीत हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवत होत्या आणि त्यातच १० मार्चला गेल्या. साथीचा कायदा त्या वर्षीचाच, आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये आपल्यावर लागला तोही तोच. मालकीणबाई डबा जिन्यात ठेवून पळतात याचा तुला राग येतो. येणारच. पण त्यांच्या घरात ऐंशीच्या सासूबाई आहेत, आणि तू दार लावून बसला आहेस म्हणून त्या सुरक्षित आहेत. तुला कुणी कोंडलेलं नाही, तू त्यांच्यासाठी थांबला आहेस. त्याच आढाव्यात हेही आहे की दुसऱ्यासाठी थांबतो आहोत असं ज्यांना वाटतं, त्यांना ते सोपं जातं.

अभ्यासाबद्दल थोडक्यात. झोप नसताना बारा तासांचं टाइमटेबल भिंतीवर लावणं म्हणजे रोज रात्री स्वतःला नापास करणं. सकाळी दोन तास, दुपारी दीड तास, बास. बाकी वेळ बुडाला असं समजू नकोस. संध्याकाळी पाचला वही घेऊन डोक्यात जे जे घोळतं ते लिहून काढ: वडिलांचं कापसाचं कर्ज, वयोमर्यादा, पार्टनरचा स्कॅन. पुढे एकच ओळ, यावर उद्या मी काय करू शकतो. काही करता येत नसेल तर ‘काही नाही’ असं स्पष्ट लिही. रात्री तेच विचार आले तर ते लिहून झालेले आहेत.

आईला तू ‘मजेत आहे’ सांगतोस. गेवराईत बसून तिला आवाजावरून कळतं, आणि मग तीही जागते. सगळं सांगू नकोस, पण झोप नीट लागत नाही एवढं सांग.

आणि गोळीचं. अभ्यासिकेतला कुणीतरी म्हणाला ना, ओळखीच्या मेडिकलमधून आणून देतो? घ्यायची नाही. डॉक्टरांनी लिहून दिली तर गोष्ट वेगळी. जगण्यात अर्थ नाही, संपवावं, असले विचार एकदा जरी आले, तर पाचची वही आणि सकाळचा उजेड हे सगळं बाजूला. तेव्हा मला फोन करायचा, रात्री तीनला केलास तरी मी उचलीन. मी नाही उचलला तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. त्यात कमीपणा काही नाही. २५ नंतरही झोपेचं रडगाणं तसंच राहिलं तर आपण मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ, मी बरोबर येईन.

डबेवाल्या काकूंशी बोलले आहे. रात्रीचा डबा साडेनऊऐवजी आठला येईल, आणि तिखट कमी घालतील. उद्या सकाळी साडेसहाला वळकटी बांधून झाली की मला एक मिस्ड कॉल दे. फोटो पाठवू नकोस, कालचाच पाठवशील.

तुझी,
मॅडम